रगाई मास्तरांचे तीन ठोके

रगाई मास्तरांच्या घरातल्या सोनेरी सोफ्यावर बसून गेलेला एकही मुलगा पुन्हा त्या घराची पायरी चढला नव्हता. पहिला कुवेतला गेला तो तिकडचाच झाला. दुसऱ्याने मास्तरांच्या मुलीला, नुहाला, "स्वयंपाकात काय काय येतं?" असं विचारलं. "आधी तुम्हाला काय काय येतं ते सांगा," असं तिने म्हटल्यावर तो अर्धा चहा टाकून उठला. तिसरा तर चहा यायच्या आधीच उठला.

नुहा दातांची डॉक्टर होती. समोरच्याने तोंड उघडं ठेवून गप्प बसायचं आणि आपण बोलायचं, ही तिची धंद्यातली सवय. तिशी केव्हाच ओलांडली होती आणि तिला स्वतःला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं. ते सगळं दुःख तिच्या आईने, इन्साफने, आपल्याकडे ठेवून घेतलं होतं.

"दोष मुलीत नाही, त्या सोफ्यात आहे," असं शेवटी इन्साफने जाहीर केलं. "कुणाची तरी नजर लागलीय त्याला. उचला आणि बाहेर काढा."

मास्तर भूगोलाचे. नजर लागण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, पण बायकोच्या आवाजावर होता. त्याच आठवड्यात नौरस थिएटरला नव्या विनोदी नाटकासाठी दिवाणखान्याचं सामान हवं होतं. मास्तरांनी हातगाडी बोलावली, सोफा चढवला आणि अलेक्झांड्रियाच्या अर्ध्या बाजारातून मिरवत नेऊन नौरसला देऊन टाकला. घरी परतले ते डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखे.

आणि लगेच दमनहूरहून स्थळ आलं. मुलगा मुख्तार, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. चांगला, सरळ, निर्व्यसनी. एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्याची आई. तफीदाबाईंनी आजवर कितीतरी मुली नाकारल्या होत्या. एकीचा चहा गार होता म्हणून, एकीचं हसू मोठं होतं म्हणून, आणि एकीच्या घरातला पंखा आवाज करत होता म्हणून.

"घरी नको," इन्साफ म्हणाली. "पाटावर बसवायचं का त्यांना? सोफा तर तुम्ही देऊन बसलात."

"मी? तूच म्हणालीस ना बाहेर काढा म्हणून?"

"बाहेर काढा म्हणाले. लगेच काढा असं कुठे म्हणाले?"

मास्तरांनी वाद सोडून दिला. "मग नौरसमध्ये बोलावू. शुक्रवारचा खेळ आहे. बॉक्स घेतो अख्खा."

"थिएटरात? मुलगी दाखवायला थिएटरात नेतात का कुणी?"

"घरात दाखवून काय दिवे लावले आपण आजवर?"

इन्साफ नुहाचा चांगला पोशाख शोधायला उठली.

नौरस थिएटर मास्तरांच्या आजोबांच्या काळातलं, एका इटालियन कंत्राटदाराने बांधलेलं. लहानसंच. छतावर पंखवाली गुबगुबीत बाळं होती, त्यातल्या एकाचं नाक मागे कधीतरी खालच्या प्रेक्षकाच्या लिंबू सरबतात पडलं होतं. मास्तर विद्यार्थी होते तेव्हापासून दर शुक्रवारी इथे येत. तिकिटवाल्यापासून मांजरापर्यंत सगळे त्यांना ओळखत. आपल्या राज्यात पाहुणे आणतोय, याचा त्यांना मनातून अभिमानच वाटत होता.

पाहुणे आले. रंगमंचालगतच्या त्या बॉक्समध्ये खुर्च्या सहा. तफीदाबाईंनी आपल्याबरोबर मुख्तारला आणलं होतं, बहिणीला आणलं होतं, बहिणीच्या सुनेला, सुआदला, आणि तिच्या कार्ट्यांना आणलं होतं, आणि एक भलंमोठं पातेलं आणलं होतं. पातेल्यात द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेले महशी होते.

"वाटेत भूक लागली तर म्हणून केले," तफीदाबाई म्हणाल्या. "आणि परक्या ठिकाणी काय मिळतं कुणास ठाऊक."

थिएटरात महशी! मास्तरांनी आजवर इथे भोपळ्याच्या बियांपलीकडे काही खाल्लं नव्हतं. पण पातेल्याला त्यांनी आपली खुर्ची दिली आणि स्वतः काठी टेकून कठड्याला उभे राहिले.

सुरुवात वाईट झाली नाही. नुहाने मुख्तारला विचारलं, "दमनहूरहून रोज जाता-येता का कामाला?"

"गाडीने जातो तो," तफीदाबाईंनी उत्तर दिलं. "खिडकीशी बसतो. वारा सोसत नाही म्हणून मफलर घालतो."

"वाचायला काय आवडतं?"

"वाचनाने त्याचं डोकं दुखतं," तफीदाबाई म्हणाल्या.

मुख्तारने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि मिटलं. नुहाने ते उघडमीट व्यवसायाच्या नजरेने पाहिलं. मग ती वडिलांकडे वळली. त्या नजरेचा अर्थ मास्तरांना पाठ होता. सोफ्यावरचा दुसरा मुलगा उठून गेला, त्याच्या आधी नुहाने अशीच नजर टाकली होती.

विषय बदलावा म्हणून मास्तर घाईघाईने थिएटरविषयी सांगू लागले. "तफीदाबाई, गंमत बघा. इथे घंटा नाही. पडदा वर जायच्या आधी आत काठीचे तीन ठोके पडतात. आणि आमचे पडदेवाले शहाताकाका, त्यांना आता ऐकू येत नाही. पण अनवाणी उभे असतात दोराशी. ठोके तळपायाला कळतात त्यांच्या! ही आपल्या पायाखालची फळी आहे ना, ती सरळ आत रंगमंचापर्यंत गेलीय. जुनं काम, एकसंध."

"म्हणजे पडद्यावर बहिरा माणूस ठेवलाय," तफीदाबाई म्हणाल्या. त्याच वेळी छतातून चुन्याचा एक पोपडा सुटला आणि बरोबर त्यांच्या डोक्यावरच्या रेशमी रुमालावर येऊन बसला.

इन्साफने तो झटकायला हात पुढे केला, तर खुर्चीखालून थिएटरचं मांजर निघालं. त्याने पातेल्यात तोंड घातलं, एक महशी उचलला आणि मुख्तारच्या मांडीवर चढून, त्याच्या पांढऱ्या शर्टाला पुसतपुसत कठड्यावरून पसार झालं. कार्टी टाळ्या पिटायला लागली.

"शर्ट!" तफीदाबाई किंचाळल्या. "कालच इस्त्री केली होती मी!"

"धु... धुऊन येतो," मुख्तार म्हणाला. त्या संध्याकाळचं त्याचं ते पहिलं वाक्य. तो उठून गेला.

"मी पाणी आणते सगळ्यांना," म्हणून नुहाही उठली.

इन्साफने मास्तरांना कोपराने ढोसलं. "अहो, ही पाण्याला गेली."

"मग?"

"तिसऱ्या मुलाच्या वेळीही पाण्यालाच गेली होती. गच्चीवर सापडली!"

नुहा गेली असेल सरळ ट्रामने घरी. आणि हे सगळं गाव इथे पातेलं धरून बसलंय. आता यांना काय सांगायचं? एवढं चांगलं स्थळ, इतक्या दिवसांनी आलेलं, आणि आपणच ते या फळ्यांवर आणून बसवलं!

वेळ होऊन गेली तरी खेळ सुरू होईना. मुख्य नट अजून ट्राममध्येच आहे, असं कुणीतरी खालून ओरडून सांगितलं. बाल्कनीतून शिट्ट्या सुरू झाल्या. खाली लोक बिया फोडत "चालू करा! चालू करा!" म्हणून पाय आपटत होते. बॉक्समध्ये कार्टी एकमेकांना महशी फेकून मारत होती. बहिणीची सून त्यांना ओरडत होती, बहीण सुनेला ओरडत होती.

"मास्तर," तफीदाबाईंचा आवाज त्या सगळ्या गोंगाटावरून आला. "माझा मुलगा कुठाय? आणि तुमची मुलगी कुठाय?"

"येतील, येतील आता..."

"शर्ट धुवायला एवढा वेळ? नाईलवर गेलाय का धुवायला? मला हे लक्षण ठीक दिसत नाही. आम्ही निघतो. सुआद, पातेलं उचल!"

"अहो, काहीतरी करा!" इन्साफ रडकुंडीला आली.

मास्तरांनी काहीतरी केलं. तीस वर्षं वर्गात गोंगाट वाढला की ते जे करत, तेच हाताने आपोआप केलं. काठी उचलली आणि फळीवर दणदणीत आपटली.

ठक. ठक. ठक.

कार्टी गप्प झाली. खालचा हॉल गप्प झाला. बाल्कनी गप्प झाली. मास्तरांना क्षणभर फार बरं वाटलं. मग दिवे विझले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलंय.

पडदा वर गेला.

लखलखीत उजेडात रंगमंचाच्या मधोमध मास्तरांचा सोनेरी सोफा होता. त्याच्या एका टोकाला नुहा बसली होती, चपला काढून, पाय वर घेऊन. दुसऱ्या टोकाला मुख्तार; दोघांची गाठ पडद्यामागच्या नळावर पडली असावी. त्याच्या शर्टाची कड तिच्या हातात होती आणि ती ओल्या रुमालाने मांजराची खूण पुसत होती. मुख्तार बोलत होता. चक्क बोलत होता, आणि भरभर!

"खरं सांगू का? आई समोर असली की माझी जीभच उचलत नाही हो. एवढा मोठा झालो, अजून माझे मोजे आई काढून ठेवते. खात्यात दोन कालवे मी बांधलेत, पण घरी कुठला साबण आणायचा ते मला..."

हॉल खो खो हसला.

दोघांनी मान वर केली. डोळ्यांवर प्रखर उजेड आणि पुढे काळोख. मुख्तार दगडासारखा गार पडला. तोंड उघडं ते उघडंच.

"या अल्लाह!" इन्साफने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लग्न न झालेली मुलगी, एका परक्या मुलाबरोबर, पडद्याआड, पाय वर घेऊन! आणि अख्खं गाव तिकीट काढून बघतंय! मास्तरांना वाटलं, फळी दुभंगावी आणि आपण काठीसकट आत जावं.

"मग पुढे काय झालं?" बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं. "साबण कुठला आणला?"

पुन्हा हशा. नुहाला एव्हाना प्रकार कळला होता. तिने मुख्तारच्या हनुवटीला बोट लावलं आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "घाबरू नका. तोंड उघडंच आहे, आता बोलून टाका. दुखणार नाही."

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले.

मुख्तारने काळोखात डोळे ताणून पाहिलं. उजेडामुळे त्याला काही दिसत नव्हतं. बॉक्स दिसत नव्हता. आई दिसत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा आई कुठेच दिसत नव्हती! त्याने एक मोठा श्वास घेतला.

"मला ही मुलगी आवडली," तो म्हणाला. आवाज जरा फाटला, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "ही प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट बघते. मला एवढंच हवं होतं."

"मुख्तार!" बॉक्समधून तोफ सुटली. तफीदाबाई उभ्या राहिल्या होत्या, रुमालावर चुना, हातात पातेल्याचं झाकण. "आधी सोफ्यावरून उठ!"

सबंध हॉल बॉक्सकडे वळला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. नाटकातली आई प्रेक्षकांतून बोलते, ही कल्पना लोकांना फारच पसंत पडली. दिवेवाला हुशार होता की गोंधळलेला होता कुणास ठाऊक, पण त्याने एक झोत सरळ तफीदाबाईंवर टाकला.

तफीदाबाई दचकल्या. टाळ्यांकडे त्यांनी जरा संशयाने पाहिलं. मग झाकण छातीशी धरून पुन्हा म्हणाल्या, "मी तुला नऊ महिने वाढवलं, मफलर विणले, आणि तू माझ्या मोज्यांवर उठलास?"

हॉल कोसळला. बाल्कनीतून शिट्टी आली, ती कौतुकाची.

"आई," मुख्तार आवाजाच्या दिशेने म्हणाला, "मोजे चांगलेच असतात. पण बायको मी निवडतो."

"बघा! बघा लोकहो!" तफीदाबाई आता हॉलकडे वळून बोलू लागल्या. मान ताठ झाली होती आणि पदर सावरून घेतल्यासारखा रुमाल सावरला होता. "असा मुलगा कुणाला असेल का? दोन कालवे बांधले म्हणे! पहिला पाण्याचा पेला कुणी पाजला याला?"

"काकू, तुम्ही! काकू, तुम्हीच!" खालून आवाज आले.

"मग मी विचारते त्या मुलीला." झाकण नुहाकडे रोखलं गेलं. "ए मुली, याची काळजी घेशील का?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या मुलाला मिळालं होतं तेच उत्तर आता अख्ख्या गावादेखत मिळणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"मोजे यांचे यांनी शोधायचे," नुहा म्हणाली. "पण तुमच्यासारखे महशी मला जमत नाहीत. पडद्यामागे एक खाल्ला मी, मांजराने टाकलेला. तेवढे शिकवा, बाकीचं मी बघते."

तफीदाबाईंनी झाकण खाली घेतलं. मास्तरांनी एक डोळा उघडला.

"मांजराने टाकलेला खाल्लास?" तफीदाबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "अगं वेडे, पातेलं भरलेलं आहे ना इथे!"

"द्या परवानगी, काकू!" बाल्कनीतून एकाने सुरुवात केली, आणि मग सगळा हॉल पाय आपटून मागे लागला. "द्या! द्या! द्या!"

तफीदाबाईंनी हात वर केला. हॉल थांबला. इतकी माणसं आपल्या एका हातासरशी गप्प होतात, हे त्यांना त्या दिवशीच कळलं. त्यांनी जरा वेळ तसाच हात ठेवला. मग मान मागे टाकली, तोंडाशी हात नेला आणि लग्नघरात बायका देतात तसा जिभेचा असा लांबच लांब झगरूता दिला की छतावरच्या आणखी एका बाळाचं नाक सुटलं. बहिणीने दुसरा दिला. खालच्या सगळ्या बायकांनी उचलून धरला. इन्साफने रडत रडतच सूर मिसळला.

त्या आवाजाने म्हणा, नाहीतर नाचणाऱ्या पायांमुळे म्हणा, शहाताकाकांच्या तळपायांना काहीतरी कळलं आणि त्यांनी पडदा सोडला.

मास्तर मटकन पातेल्याशेजारी बसले. सुटलो! त्यांच्या मनात दुसरा शब्दच येईना. सुटलो बुवा, सुटलो! हसू आवरत नव्हतं. मध्यंतरात तिथेच, बॉक्समध्ये, दोन्ही घरच्यांनी हात उचलून फातिहा वाचली आणि लग्न पक्कं झालं. मुख्य नट मिशी हातात घेऊन धावत आला होता आणि खरं नाटक सुरूही झालं होतं, पण ते काही रंगलं नाही. लोक सारखे बॉक्सकडे बघत होते, काकू आता काही बोलतील म्हणून.

निघताना तफीदाबाईंनी मास्तरांना बाजूला घेतलं.

"मास्तर, मी तुमच्या शेजारीच होते. ठोके कुणी मारले ते मी पाहिलंय."

"अहो, ते चुकून... माझी जुनी सवय..."

"राहू द्या, राहू द्या!" तफीदाबाईंनी डोळे मिचकावले. "आधी मला फळीची गोष्ट सांगितलीत. मग पोरांना पाठवलंत आत. आणि मी उठायला लागले तसे बरोबर ठोकलेत! भूगोलाचा माणूस इतका पक्का असेल असं वाटलं नव्हतं मला. अशा घरात मुलगा दिला तर त्याचं वाकडं होणार नाही."

मास्तरांनी इन्साफकडे पाहिलं. इन्साफने त्यांच्याकडे पाहिलं. मग मास्तरांनी छाती जराशी पुढे काढली आणि म्हणाले, "काय आहे, करावं लागतं थोडंफार."

"आणि देण्याघेण्याचं म्हणाल तर मला काही नको," तफीदाबाई पुढे म्हणाल्या. "भांडी नको, गालिचा नको. एकच गोष्ट. तो सोनेरी सोफा. पोरांचं नशीब त्याच्यावर उघडलं. लग्नात नवरा-नवरी त्याच्यावरच बसतील. कुठूनही मिळवा."

इन्साफला जोराचा ठसका लागला. मास्तर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दिग्दर्शकाचे हातपाय धरून ठरलं की नाटकाचे खेळ संपेपर्यंत सोफा तिथेच राहील आणि मग परत मिळेल. तोवर त्याच्यावर काही डाग पडत नाही ना, हे बघायला दर शुक्रवारी कुणीतरी हजर असलं पाहिजे, असं तफीदाबाईंनी बजावलं. आणि परक्यावर विश्वास नको म्हणून ते काम स्वतःकडेच घेतलं.

पुढच्या शुक्रवारी त्या दमनहूरहून आल्या. नवा रुमाल, तेच पातेलं, बहीण, सून, कार्टी. या खेपेला बरोबर एक लाजरा, उंच मुलगा होता, त्याच्याही गळ्यात मफलर. बॉक्ससमोरून जाणारे लोक "सलाम, काकू!" म्हणत होते आणि तफीदाबाई मान झुकवून सलाम घेत होत्या.

मुख्य नट आजही ट्राममध्ये होता. बाल्कनीत शिट्ट्या सुरू झाल्या. नुहा आणि मुख्तार खुशाल एकमेकांशी बोलत बसले होते. मास्तर मात्र हुशारीने मोकळ्या हातांनी आले होते. काठी त्यांनी फाटकावरच तिकिटवाल्याच्या ताब्यात दिली होती.

तफीदाबाईंनी मफलरवाल्या मुलाला खांद्याला धरून उभं केलं. "मास्तर, हा माझा धाकटा, अदहम. याच्यासाठी मी किती मुली पाहिल्या, एक पसंत पडेल तर शपथ!" मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्चीमागून एक काठी काढली आणि मास्तरांच्या हातात ठेवली. कोरी करकरीत, दमनहूरहून आणलेली.

"जा रे अदहम, पडद्यामागे बस," त्या म्हणाल्या. "खालच्या रांगेतल्या त्या हिरव्या ओढणीवालीलाही मी मगाशीच आत पाठवलंय. मास्तर, वाट कसली बघताय? ठोका की!"